वरच्या मजल्यांच्या गोळ्या

औषधाच्या दुकानात काउंटरमागे काही वर्षं काढली की माणसांची नावं लक्षात राहत नाहीत, पत्ते राहतात. आमच्या दुकानाच्या डोक्यावर दहा मजल्यांची इमारत आहे. तिथली माणसं माझ्यासाठी तिसरा-उजवा, सहावा-उजवा, दहावा-मधला अशीच आहेत. नववा-डावा म्हणजे माझी आई, दादा आणि वहिनी.

लिफ्ट बंद पडली त्याला चौदा महिने झाले होते. पहिल्याच आठवड्यात तिच्या दारावर ‘दुरुस्ती चालू आहे’ असा कागद लागला. दुरुस्ती कधी चालू झालीच नाही, कागद मात्र दोनदा बदलला. तेव्हापासून वरच्यांची औषधं पोचवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मालकांचे गुडघे दुखतात. माझे दुखतात का, हे कोणी विचारलेलं नाही.

जिना चढताना दुसरं काही करता येत नाही, म्हणून मी पिशवीतल्या गोळ्या मनात मोजायची. तिथेच एकदा थांबले. पाचव्यापर्यंत खोकला, पित्त, रक्तदाब, जे सगळीकडे असतं ते. सहाव्यापासून वर मात्र प्रत्येक दुसऱ्या पुडीत झोपेच्या नाहीतर मन शांत ठेवायच्या गोळ्या. त्या संध्याकाळी मी जुन्या चिठ्ठ्या काढून बसले आणि एका वहीत मजल्यांप्रमाणे लिहून काढलं. तळमजल्यापासून पाचव्यापर्यंत अशा गोळ्या घेणारे तिघं. सहाव्यापासून दहाव्यापर्यंत एकोणीस. लिफ्ट चालू होती तेव्हा त्याच वरच्या पाच मजल्यांवर चौघं होते.

“गुप्तहेर झालीस काय?” मालक म्हणाले. “गोळ्या खपतायत ना, मग?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली, पण नोकरी त्यांचीच, म्हणून वही काउंटरखाली सरकवली.

एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या इमारतीत वर जाल तसं भाडं कमी. ज्याच्या हातात चार पैसे आहेत तो खाली राहतो, ज्याचं काम सुटतं तो वर चढतो. दादा आधी दुसऱ्या मजल्यावर होता. तो सामान हलवणाऱ्या कंपनीत आहे. कंपनीने त्याचे दिवस निम्म्यावर आणले तेव्हा त्याने नववा मजला घेतला. लिफ्ट होती तेव्हा, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. चार महिन्यांनी लिफ्ट गेली. आता दिवसभर लोकांची कपाटं जिन्यावरून चढवायची आणि संध्याकाळी स्वतःला नऊ मजले चढवायचं, असं त्याचं चालू होतं.

आणि आई. तिने तीस वर्षं बसच्या तिकीट खिडकीत काढली. रोज हजारभर माणसांशी बोलायची, त्यातल्या निम्म्यांशी भांडायची. निवृत्त झाल्यावर रोज सकाळी दहाला ती लिफ्टने खाली यायची आणि आमच्या दुकानाबाहेरच्या बाकावर ठाण मांडायची. डॉक्टरांचं अक्षर मला लागतं, गिऱ्हाईकाचा स्वभाव तिला लागायचा. “हा उधार मागणार,” ती हळूच म्हणायची, आणि तो मागायचाच. मालक वैतागायचे, पण ती एक दिवस आली नाही की तेच आधी विचारायचे.

लिफ्ट बंद पडल्यावर ती एकदा जिन्याने उतरायला निघाली. पाचव्या आणि चौथ्याच्या मध्ये तिला धाप लागली आणि गुडघ्यांनी साथ सोडली. दादा येईपर्यंत ती दोन तास पायरीवर बसून होती. येणारेजाणारे तिला ओलांडून जात होते. त्यानंतर ती उतरली नाही. दादा म्हणाला, खुर्चीत बसवून नेतो, सामान उचलायचे पट्टे आहेत माझ्याकडे. तर म्हणे, “मी काय कपाट आहे?”

आधी ती फोनवर तासतास बोलायची. मग कामापुरतं. मग वहिनीच फोन घ्यायला लागली. “दाराकडे तोंड करून बसून असतात,” वहिनी सांगायची. “टीव्ही लावला तर बंद करतात.” डॉक्टरांनी फोनवरूनच एक गोळी लिहून दिली, दोन महिन्यांनी तिची ताकद वाढवली. मी त्यांना फोन केला.

“वय झालं की असं होतं,” ते म्हणाले.

“तळमजल्यावर वय होत नाही का?” मी विचारलं. त्यांनी फोन ठेवला.

मग मी दुकानातून तास-तास सुट्टी काढून ऑफिसांच्या पायऱ्या झिजवायला लागले. निदान त्या तरी दोन-चारच असतात. इमारतींच्या ऑफिसातला कारकून सभ्य होता. आमच्या लिफ्टची फाईल रांगेत दोनशे बारावी आहे असं त्याने पाहून सांगितलं. “आरोग्याला धोका आहे असं आरोग्य खात्याने लिहून दिलं, तर वर येईल,” तो म्हणाला. आरोग्य खात्यात मी वही दाखवली. तिथल्या साहेबांनी ती नीट चाळली, हे मान्य करायला हवं. पण एका बाईच्या वहीवर सरकार चालत नाही. शिबिर लावावं लागतं. मनाच्या आरोग्याचे नऊ प्रश्न असतात, उत्तराला गुण असतात, मन जितकं खचलेलं तितके गुण जास्त. निम्म्या लोकांचे गुण दहाच्या वर गेले, तर ते लिहून देतील.

“शिबिर कुठे?” मी विचारलं.

“इमारतीच्या आवारात. मंगळवारी, दहा ते दोन.”

“वर नाही येणार कोणी?”

“ताई, शिबिर एका जागी असतं.”

म्हणजे तळमजला आणि पहिला मजला येऊन फॉर्म भरणार, आणि इमारत सुखी ठरणार. मला हे तिथेच दिसलं. म्हणून मी दादाला गाठलं. त्याने कंपनीतले तिघं मित्र आणले, अर्ध्या दिवसाच्या पगारावर पाणी सोडून. आईला मी सांगितलं, तू एकटी नाहीस, सहावा-उजवा येतोय, दहावी-मधली येतेय, तू नाही आलीस तर लोक म्हणतील तीच घाबरली. हा शेवटचा मुद्दा लागू पडला.

मंगळवारी सकाळी आठपासून ते चौघं खुर्च्या उतरवत होते. पट्टे खांद्यावरून, गाठ पाठीवर. मागच्याने बोलायचं, पुढच्याने फक्त ऐकायचं, असा त्यांचा नियम. “एक खाली, थांब. वळण. डावीकडे भिंत.” आठ माणसं खुर्चीतून आली, बाकीचे कठडा धरून, बसत-उठत आले. मी तीनदा वर गेले, तीनदा खाली आले, चष्मा राहिला, चप्पल राहिली, कुलूप लावलं का बघ. एका जागी उभं राहवत नव्हतं मला. ही उत्तरं नीट गेली की फाईल हलणार होती.

आईला टेकवलं तेव्हा तिने आधी डोळे मिटले. ऊन होतं. मग उघडले आणि म्हणाली, “त्या न्हाव्याने दुकान हिरवं कधी केलं?”

झालं. तिथून पुढे तिचं तोंड थांबलं नाही. शेजारी सहावा-उजवा होता, म्हातारा गवंडी. मी वर्षभर त्याच्या दारात औषध देत होते आणि त्याने मला ‘हं’ सोडून शब्द ऐकवला नव्हता. तो आता आईला सांगत होता की ही समोरची भिंत वाकडी आहे, आणि कोणी बांधली हेही त्याला माहीत आहे. दहावी-मधली आमच्या मालकांना जुन्या बिलावरून झापत होती, आणि मालक हसत होते. मी इतका वेळ कोणाला हसताना पाहिलं नव्हतं. मला आनंदही झाला आणि भीतीही वाटली, कारण शिबिराच्या समुपदेशक मॅडम फॉर्म घेऊन त्यांच्याकडेच निघाल्या होत्या.

मॅडम तरुण होत्या, आवाज बसलेला होता. मी आईच्या खुर्चीमागे उभी राहिले.

“आजी, गेल्या दोन आठवड्यांत झोप लागत नाही, असं किती वेळा झालं?”

“लागते की.”

“कशात मन लागत नाही, असं?”

“माझं? अहो, मला तर आत्ता त्या न्हाव्याला बोलावून विचारायचंय.”

“आपण नसतो तर बरं झालं असतं, असं कधी वाटलं?”

“छे. काहीतरीच.”

मॅडमनी बेरीज केली. दोन गुण.

मी आईच्या कानाशी वाकले. “खरं सांग ना. गोळ्या काय मी घेते?”

“चारचौघांत काय रडगाणं गायचं,” ती म्हणाली. “बऱ्याच दिवसांनी जरा बरं वाटतंय, तर तू मध्येमध्ये करू नकोस.”

सहाव्या-उजव्याला तीन गुण पडले. दहाव्या-मधलीला एक. दोनपर्यंत बेचाळीस फॉर्म भरले आणि दहाच्या वर एकटा तिसरा-उजवा गेला, कारण तो सकाळीच बायकोशी भांडून आला होता. ज्यांना मी चौदा महिन्यांनी उन्हात आणलं होतं, ते सगळे उन्हात बसून अगदी ठीक होते. मी स्वतःच्या हाताने ते शिबिर पाडलं होतं. मला रडू येत होतं आणि चीडही येत होती, दोन्ही एकदम.

दादाच्या लोकांना अडीचला कामावर पोचायचं होतं. खुर्च्या वर चढू लागल्या. आईची खुर्ची उचलली तेव्हा ती गवंड्याला म्हणाली, “बरं, येते.”

मॅडम फॉर्म पिशवीत भरत होत्या. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“एकच फॉर्म परत भरा. माझ्या आईचा. वर येऊन.”

“ताई, एका माणसाचा दोनदा नाही भरता येत. नियमात नाही.”

“नियमात नऊ मजले तरी कुठे आहेत?” मी म्हणाले. “मी रोज दोनदा चढते, गोळ्या घेऊन. तुम्ही एकदा चढा. काही लिहू नका वाटलं तर.”

त्यांनी फॉर्मांची पिशवी बंद केली. मग पिशवी खांद्याला लावून जिन्याकडे वळल्या. माझा आवाज नको तितका चढला होता, त्यामुळेही असेल.

चौथ्या मजल्यावर त्या थांबल्या. सहाव्यावर पायरीवर बसल्या. सातव्यावर त्यांनी विचारलं, “दिवसातून दोनदा?” त्यापुढे त्यांच्यात दमच नव्हता. वाटेत दादा खाली उतरताना भेटला, पट्टे गळ्यात, शर्ट भिजलेला. “ठेवली पलंगावर,” तो म्हणाला आणि बाजूने निघून गेला. त्याला उशीर झाला होता.

खोलीत वहिनी आईच्या पायांना तेल लावत होती. आई पलंगावर दाराकडे तोंड करून बसली होती. आम्ही आत आलो, पण ती आमच्याकडे बघत होती असं मला वाटलं नाही. तासाभरापूर्वी न्हाव्याला बोलावणारी हीच बाई. मॅडमनी स्टूल ओढलं. दम लागलेलाच होता. त्यांनी फॉर्म काढला, पण पेन काढलं नाही.

“आजी, झोप?”

“पहाटे लागते थोडी.”

“मन लागतं?”

“कशात लावू?”

मधले प्रश्न झाले. आई एकेका शब्दात सांगत होती, तिकिटाचा दर सांगितल्यासारखी, सपाट. मी मनात बेरीज करत होते. मला लाज वाटते सांगायला, पण करत होते. अकरा. तेरा. मला हवे होते तसे गुण पडत होते, आता हे लिहून घेतील, आता फाईल हलेल, असं माझं चाललं होतं. मग मॅडमनी शेवटचा प्रश्न विचारला, तोच, आपण नसतो तर बरं झालं असतं असं वाटतं का.

“रोज,” आई म्हणाली.

वहिनीचा हात आईच्या पायावर थांबला. आई पुढे म्हणाली, “या पोरीला नका सांगू. ती आधीच चढून चढून दमते.”

मी तिथेच उभी होते, तिच्यापासून चार हातांवर. बेरीज कुठल्या कुठे गेली. इतके महिने मी तिच्या उशाशी गोळ्या ठेवून, ‘घे वेळेवर’ असं सांगून खाली पळत होते, कारण दुकान उघडं होतं. पाकिटं मी मोजली होती, वही केली होती, तिला मात्र हे कधी विचारलं नव्हतं.

मॅडम उठून पलंगावर आईशेजारी बसल्या आणि त्यांनी तिचा हात धरला. “आजी, मी उद्या परत येणार आहे,” त्या म्हणाल्या. “आणि परवाही.” मग माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, “यांना एकटं ठेवू नका. गोळ्या वहिनींच्या ताब्यात द्या. आणि मी लिहून देते, पण ताई, फाईलला महिने लागतात.”

महिने. माझ्या घरी आम्ही चौघं एका खोलीत राहतो, नवरा, दोन मुली आणि मी. गल्लीच्या टोकाला, तळमजल्यावर. पलंग ठेवायचा तर टेबल बाहेर काढावं लागेल, मुलींनी अभ्यास कुठे करायचा, नवरा काय म्हणेल, हे सगळं मी वर्षभर स्वतःला सांगत आले होते. आताही ते सगळं तसंच होतं. मी फोन काढला आणि दादाला लावला.

“खाली, जिन्याच्या तोंडाशी आहे,” तो धापा टाकत म्हणाला. “बोल बारके, काय राहिलं वर?”

“आई राहिली,” मी म्हणाले. “पट्टे घेऊन परत ये. तिला माझ्याकडे न्यायचंय.”

त्याने कामाचं नाव काढलं नाही, फोनही बंद केला नाही. पलीकडून त्याचे जड बूट ऐकू आले, पायरी, पायरी, वर येणारे.