खालून बघा मला

"वजन आलं की उचलायचं. कुणाचं, किती, कशासाठी, हे विचारायचं नाही."

माझ्याखालच्या फळ्या काढल्या त्या दिवशी इमारतीच्या खांबांनी मला हे बजावलं. वडीलधारी मंडळी ती. त्यांचे पाय जमिनीत घट्ट रोवलेले. आणि मी चौथ्या मजल्यावरची गॅलरी. एक कड भिंतीत, बाकी तिन्ही बाजूंनी अधांतरी. ज्यांचे पाय जमिनीत आहेत, त्यांना सोसण्याचा उपदेश करायला काय जातं? पण तेव्हा मी कच्ची होते, अंगावरचा ओलावाही सुकला नव्हता. उलट उत्तर सुचलं नाही म्हणून गप्प राहिले. गप्प राहिलेल्या पोरीचा होकारच धरतात, हे मला नंतर कळलं.

मला बांधणारा मिस्त्री शहाणा होता. दोन खुर्च्या, कपड्यांची एक दोरी आणि हवा खायला आलेली दोन माणसं, एवढंच त्याने माझ्यासाठी मनात धरलं होतं. त्याने मला भिंतीकडे किंचित उतार दिला आणि कोपऱ्यात पाणी जायला भोक ठेवलं. "पाणी गेलं की ही शंभर वर्षं जगेल," असं तो स्वतःशीच पुटपुटला होता.

त्या काळी समोर भंगाराची दुकानं होती, कुलपं लावलेली गोदामं होती. अंधार पडला की टॅक्सीवाले या बाजूला यायला नाही म्हणत. अशा जागी काकांनी घर घेतलं.

काका म्हणजे दोन भावांतले थोरले. घरात पैसे धाकट्या भावाचे आणि डोकं काकांचं, अशी वाटणी होती. स्वतः राहायला त्यांना हे घर नकोच होतं. त्यांचा एक सिद्धांत होता आणि तो ते भेटेल त्याला ऐकवत. "कुत्रं फिरकत नाही तिथे घर घ्यायचं आणि भाड्याने द्यायचं. कॉफीचं पहिलं दुकान उघडलं की भाडं वाढवायचं. आणि दुसरं उघडलं की त्या भाड्यावर आणखी एक घर घ्यायचं."

घर धाकट्या भावाच्या मुलीच्या नावावर झालं. कराच्या दृष्टीने तसं बरं पडत होतं. ती नुकती कॉलेजात गेली होती. तिला कुणी विचारलं नाही, सही कुठे करायची तेवढं दाखवलं.

पहिल्या भाडेकरू दोन परिचारिका होत्या. एक दिवसपाळीला, एक रात्रपाळीला. माझ्यावर त्यांचे पांढरे गणवेश वाळत. सुट्टीच्या दिवशी दोघी कठड्याला पाय लावून बसत आणि डॉक्टरांच्या नकला करत. त्यांचं वजन मला कधी जाणवलंच नाही. माझ्या आयुष्यातले तेवढेच दिवस मी सुखाचे मोजते.

मग समोरच्या गोदामात कॉफीचं दुकान उघडलं. पाठोपाठ सायकलींचं एक चकचकीत दुकान आलं, आणि नवं रेल्वे स्थानक होणार अशी बातमी. काकांनी भाडं इतकं वाढवलं की परिचारिकांनी महिन्याभरात सामान बांधलं. जाताना एकीने मला ओल्या फडक्याने पुसलं. जे आपलं नाही ते पुसून जाणारी माणसं थोडी.

त्यानंतर काकांनी मला सजवायला घेतलं. जुन्या लाद्या न काढता त्यांच्यावरच जाड टाइल्स बसवल्या. कडेला विटांचा वाफा बांधला, त्यात पोत्यांनी माती ओतली. हलका कठडा काढून जाडजूड लोखंडी बसवला. पाण्याचं भोक टाइलखाली गेलं. टाइल बसवणाऱ्याने विचारलं, "साहेब, पाणी कुठून जाणार?"

"ऊन आहे ना," काका म्हणाले.

ऊन होतं, पण पाणी त्याच्याआधी माझ्यात शिरलं. माझ्या अंगात सळया आहेत, मी त्यांच्या जिवावर उभी आहे. पाणी त्यांच्यापर्यंत पोचलं आणि त्या गंजू लागल्या. गंज चढला की सळई फुगते आणि माझं अंग आतून फोडते. मी हळूहळू पुढे झुकले. एके काळी भिंतीकडे येणारं पाणी कठड्याकडे साचायला लागलं. दाराच्या उंबऱ्याशी, मी भिंतीला जिथे धरून आहे नेमकी तिथे, एक चीर पडली. पहिल्या वर्षी केसाएवढी. दुसऱ्या वर्षी तिच्यात नख जाईल एवढी. यंदा तिच्यात नाणं उभं राहतं.

आणि काका दर वर्षी ती पांढऱ्या सिमेंटने भरून घेतात.

तुम्ही म्हणाल, कुणालाच कसं दिसलं नाही? त्याचं कारण साधं आहे. माझी पाठ माझ्या मालकांची, पण माझं पोट तिसऱ्या मजल्यावरच्यांचं छत. सळया उघड्या पडल्या त्या पोटाकडून. गंजाचे ओघळ तिथेच, सुटलेलं प्लास्टर तिथेच. आणि भाड्यासाठी घर घेणारा माणूस तिसऱ्या मजल्यावर कशाला थांबेल? तो तर चौथ्यावरही चहा पिण्यापुरता थांबत नाही.

गेल्या आठवड्यात घर बघायला चित्रकलेच्या एक बाई आल्या. सोबत काका, एजंट आणि किल्ल्या घेऊन ती मुलगी. मुलगी आता शिकून नोकरीला लागली आहे. बोलायला फटकळ, म्हणून काका तिला वकिलीणबाई म्हणतात. बाई माझ्यावर आल्या आणि उजेड बघून हरखल्या.

"माझा मुलांचा वर्ग इथेच भरवीन," त्या म्हणाल्या. "बारा मुलं आहेत. बसतील ना?"

"बारा काय, वीस बसवा," काका म्हणाले.

मी हादरले. खरंच हादरले, पण ते हादरणं कुणाच्या पायांना कळलं नाही. बारा मुलं नुसती बसत नाहीत. रंग संपला की उठतात, खाली काही दिसलं की सगळी एकदम कठड्याकडे धावतात. तीच तर माझी मोडकी बाजू.

शनिवारी मुलगी मला धुवायला आली. कठडा पुसताना तिच्या हातातलं फडकं निसटलं आणि खालच्या गॅलरीत पडलं. ते आणायला ती खाली उतरली. खाली पडदे शिवणारी एक बाई राहते. मला दोघींचं बोलणं स्पष्ट ऐकू येत होतं.

"फडकं होय? घ्या," शिवणारी म्हणाली. "वरची मालकीण तुम्हीच का? मग जरा हळू चालत जा. मी मशीन आत हलवलंय. कापडावर सारखा चुरा पडतो."

"कसला चुरा?"

"मान वर करा की."

मुलीने मान वर केली. सहा वर्षांत माझ्या मालकांपैकी कुणी पहिल्यांदा माझं पोट बघितलं. तिने फोन काढून फोटो घेतला.

"तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"तुमच्या काकांना दोनदा सांगितलं. म्हणाले, 'तुमचं छत आहे, तुम्ही रंगवा.'"

ती वर आली तेव्हा काका आणि तिचे बाबा आले होते. रंगारी उंबऱ्याशी बसून यंदाची चीर भरत होता. तिने फोन पुढे केला. "काका, खालून काढलेला फोटो आहे. बघा."

"फोटोत सगळंच वाईट दिसतं," काका म्हणाले. "तुझ्या ओळखपत्रावरचा बघ."

रंगारी हसला. मग मुलीच्या चेहऱ्याकडे बघून त्याने हसू गिळलं आणि हळूच म्हणाला, "साहेब, ही चीर भरून राहायची नाही. गेल्या वर्षीचं सिमेंट आख्खं आत गेलंय."

"तुला भरायला बोलावलंय की बोलायला?"

"काका, आधी दुरुस्ती करू. तोवर भाड्याने द्यायचं नाही."

"करू की. आधी भाडं तर चालू होऊ दे. पुढच्या घराचा बयाणा देऊन बसलोय मी. तो काय तुझ्या फोटोवर फेडू?"

"बाबा, तुम्ही तरी बोला."

बाबा टाइलकडे बघत होते. "काका आजवर कधी चुकलेत का, बाळा? आणि इतकी वर्षं टिकलीच ना ती."

इतकी वर्षं टिकलीच ना! कुणी मुकाट सोसतंय, हाच या लोकांचा पुरावा. पडेपर्यंत आम्ही भक्कम आणि पडल्यावर आमचाच दोष.

म्हणून तुम्हाला सांगते. घर घ्या, भाड्याने द्या, भाड्याने घ्या, माझं काही म्हणणं नाही. पण सही करण्याआधी एक मजला खाली उतरा, तिथल्या माणसाची परवानगी घ्या आणि मान वर करा. टाइल्स गोड बोलतात. पोट खोटं बोलत नाही.

आज रविवार. सकाळी दहा वाजता सगळे जमले. मधल्या खोलीत टेबलावर करार मांडला होता. एजंटने सहीच्या जागी पेन्सिलीने फुल्या केल्या होत्या. बाईंनी येताना मुलांसाठी बारा छोटी आसनं आणली होती, ती भिंतीशी रचून ठेवली होती. मी ती मोजली.

काकांनी पेन मुलीपुढे धरलं. "हं, वकिलीणबाई. कर सही."

तिने पेन घेतलं नाही. "बाई, गॅलरीला खालून तडे गेलेत. सळया उघड्या पडल्यात. हा फोटो," असं म्हणून तिने फोन बाईंच्या हातात दिला.

"अगं ए," एजंट घाईने म्हणाला, "किरकोळ प्लास्टर आहे ते. सगळ्या इमारतीत असतं."

"बरोबर," काका म्हणाले. "लहान आहे, घाबरते."

मुलगी उठली आणि तिने माझं दार सताड उघडलं.

"किरकोळ असेल तर या," ती म्हणाली. "बारा मुलांचं वजन म्हणजे तुम्ही तिघं आणि वर थोडं. काका, बाबा, एजंटसाहेब. कठड्याशी जाऊन उभे राहा. फक्त पाच मिनिटं. मी इथे घड्याळ लावून बसते. नंतर म्हणाल तिथे सही करते."

आले तर? या तिघांना मी पेलीन की नाही, हे मला स्वतःलाच माहीत नव्हतं. चिरीतलं कालचं सिमेंट रात्रीतच सुटलं होतं. खाली शिवणारीचं मशीन चालू होतं. बाईंनी फोटो बोटांनी मोठा केला आणि त्या आसनांपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"मला पुढे एक घर दाखवायचंय," एजंट म्हणाला आणि जागचा हलला नाही.

बाबा उठले. दोन पावलं चालून ते उंबऱ्यापर्यंत आले. पाय उचलला. मग त्यांची नजर चिरीवर गेली. उचललेला पाय त्यांनी हळूच मागे, खोलीतच ठेवला.

"दादा," ते थोरल्या भावाला म्हणाले, "तू येतोस?"

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. खुर्ची सोडली नाही.

"मी सही करणार नाही," मुलगी म्हणाली. "आजही नाही आणि दुरुस्ती होईपर्यंत कधीच नाही. घर माझ्या नावावर आहे, हे तुम्हीच मला सहा वर्षं सांगताय."

तिने दार ओढून घेतलं, आतून कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःकडे ठेवली. काचेतून मला आतली खोली दिसत होती. एजंट करारावरच्या पेन्सिलीच्या फुल्यांकडे बघत होता. बाबा उभेच होते. काकांनी पेनाला टोपण लावलं आणि ते खिशात ठेवलं.