जिथे मी आपोआप उघडतो

मी एकेकाळी कोर्टाच्या टेबलावर असलेलं स्तोत्रांचं पुस्तक बोलतोय. हल्ली मला फारसं काही वाटत नाही, म्हणून आवाज सपाट लागला तर राग मानू नका.

इंग्लंडच्या पश्चिमेकडच्या गावांत न्यायाधीशांची स्वारी घोड्यांवरून फिरायची. पुढे तुतारी, मागे मी, वकिलांच्या पेटीत. तेव्हा मेंढी चोरली तरी फाशी होती. पण आरोपीला वाचता येत असेल, तर त्याला पाद्री धरून, अंगठ्यावर तापल्या लोखंडाचा डाग देऊन सोडायचे. वाचायचं कुठून? माझ्यातून, एकावन्नावं स्तोत्र, पहिली ओळ. सगळ्या तुरुंगाला ती तोंडपाठ होती. घामेजलेल्या अंगठ्यांनी ते पान इतकं मळलं, की टेबलावर ठेवलं की मी तिथेच उघडायचो. न्यायाधीशांनाही हे ठाऊक होतं, पण ते खिडकीबाहेर बघायचे.

मग सर जर्विस थ्रॉकल आले. त्यांच्या नावानं गावातली पोरं रडायची थांबत.

तुरुंगाचा मुकादम जेसप मला कोठडीत नेऊन कैद्यांकडून ओळ घोकून घ्यायचा. त्या खेपेला मेंढी चोरल्याच्या आरोपाखाली एल्ड्रेड पिम नावाचा मेंढपाळ होता. त्यानं मला हातात घेतलं आणि ओळीखाली बोट फिरवत खरंच वाचायला लागला. सावकाश, ओठ हलवत, पान उलटून पुढचंही.

"अरे येड्या, वाचत काय बसलास?" जेसप खेकसला. "त्या थ्रॉकलसमोर भल्याभल्यांची बोबडी वळते. अक्षरं दिसायची नाहीत तुला. डोळे मीट आन् पाठ केलेलं म्हण. आजवर सगळे असेच सुटलेत."

जेसप मनाचा वाईट नव्हता. एल्ड्रेडनं मुकाट्यानं ओळ पाठ केली.

कोर्टात मी नेहमीच्या पानावर उघडलो. थ्रॉकलसाहेबांनी मला उचललं, भलतीकडेच उघडलं आणि समोर ठेवलं. "वाच."

एल्ड्रेडनं डोळे मिटले आणि एकावन्नावं स्तोत्र म्हटलं, एकही चूक न करता. 'खाली बघ रे बाबा,' असं मला ओरडायचं होतं. पुस्तकाला ओरडता येत नाही.

"वाचतो का हा?" साहेबांनी वाचन तपासायला शेजारी बसलेल्या पाद्रीबाबांना विचारलं.

पाद्रीबाबा पानाकडे बघत राहिले. "नाही वाचत, सरकार."

गर्दीतून त्याची बायको थॉमसिन किंचाळली. "येतं त्याला! दर रविवारी मला वाचून दाखवतो तो! पुन्हा एकदा विचारा, सरकार!"

"एकदाच विचारतात, बाई," साहेब म्हणाले. "रविवारचं आता तुझं तू शिक."

लोक हसले. मुख्यतः भीतीनं.

कोर्ट उठल्यावर ती टेबलापाशी आली. मी अजून तसाच उघडा होतो. "यात काय लिहिलंय, बाबा?"

पाद्रीबाबांनी हळू आवाजात पान वाचलं. ती ऐकत राहिली.

"हे तर त्यानं गेल्याच महिन्यात वाचलं होतं," ती म्हणाली. "दोनदा. मला आवडलं म्हणून."

त्यानंतरचं मला नीट आठवत नाही. साहेब गेले, तो कायदाही गेला. आता मी एका चर्चच्या कपाटात असतो. काढलंत तर अजूनही त्या मळक्या पानावरच उघडेन, सवय आहे. एकच मागणं आहे. माझ्यासमोर कुणाला उभं केलंत, तर त्याला आधी डोळे उघडायला सांगा.