वाकळीचा घास

मी वाकळ आहे, मित्रांनो. जुनी, जाड आणि जड. शहरातली मुलं मला गोधडी म्हणतात. म्हणोत. मी कोल्हापूरला लागून असलेल्या कळंब्यात शिवली गेले आणि कळंब्यात वाकळच म्हणतात. माझं वय तेरा वर्षं. माणसाला ते कोवळं वाटेल, पण वाकळीची तेरा वर्षं म्हणजे निम्मा जन्म झाला.

मला सोनूबाईने शिवलं. ती मूळची नेसरीची. लग्न करून कळंब्याला आली. नवरा यल्लाप्पा मार्केट यार्डात हमाली करायचा, गुळाचे रवे, म्हणजे ढेपा, उचलायचा. त्याच्या सदऱ्याला धुतल्यावरही गुळाचा वास यायचा. ते फाटके सदरे माझ्या पोटात आहेत. वर सोनूबाईच्या चार साड्या आहेत. एक पांढरी साडी आहे, ती फक्त धम्मदीक्षेच्या दिवशी नेसायची. ती विरली तेव्हा तिने टाकली नाही, माझ्यात घातली.

सोनूबाई गावातल्या लोकांच्या वाकळा शिवायची. लोक जुनेर आणून द्यायचे आणि म्हणायचे, चौकोन घाल. ती चौकोन घालायची. मी मात्र तिच्या स्वतःच्या घरासाठी होते. त्यामुळे माझ्यात काय घालायचं ते तिचं तिने ठरवलं.

१९९४ चा मे महिना होता. ती रोज कळंब्याच्या तलावाच्या बांधावरून जायची. पाणी आटत चाललं होतं. पाणी मागे सरकताना काठावर चिखलाची वळी सोडतं, हे तुम्ही पाहिलं आहे का? पाहिलं नसेल. तुम्ही तलावावर भेळ खायला जाता. बाहेरचं वळं वाळून फिकट, त्याच्या आतलं भुरं, त्याच्या आतलं काळं, आणि मधोमध उरलेलं तेवढं निळं पाणी. सोनूबाईने हेच माझ्यावर घातलं. कापड वळणावर कापणं अवघड असतं, ते चुणतं. तिने दोन वेळा उसवलं आणि तिसऱ्यांदा जमवलं. असली वाकळ त्याआधी कोणी शिवली नव्हती. तिला कोणी शिकवली नव्हती. यल्लाप्पाने बघितलं आणि म्हणाला, "ह्यो तर आपला तलाव हाय की!"

"वळखला न्हवं? मग झालं," सोनूबाई म्हणाली.

एवढंच माझं उद्‌घाटन झालं.

आता घासाचं सांगते. आमच्याकडे वाकळ काठाकडून शिवायला घेतात आणि टाके आत आत नेत मधोमध संपवतात. शेवटचे टाके घालायच्या आधी मध्यावर भाकरीचा तुकडा आणि गुळाचा खडा ठेवतात. वर ठिगळ लावतात. त्याला घास म्हणतात. वाकळीला उपाशी ठेवायचं नसतं. उपाशी वाकळ माणसाची ऊब खाते. तुम्ही हसाल. हसा. ज्या घरात शिवणारीला पाणी विचारत नव्हते, त्या घरच्या वाकळीलाही तिने जेवण घातल्याशिवाय टाका संपवला नाही.

माझ्या घासात तिने आणखी एक गोष्ट ठेवली. त्या वर्षी ती बायकांच्या साक्षरता वर्गाला जायची. तिला स्वतःचं नाव लिहिता येऊ लागलं होतं. पांढऱ्या साडीच्या चिंधीवर तिने लाल दोऱ्याने नाव शिवलं. सोनूबाई यल्लाप्पा कुरणे. 'ल्ला'ला तिला अर्धी दुपार लागली. मग ती चिंधी भाकरीच्या तुकड्याबरोबर आत ठेवली आणि मलाच म्हणाली, "तुझ्या पोटात ऱ्हाऊ दे. वर घातलं तर बाया म्हणतील, शिकल्याचा दिमाख दावती."

वर निळं ठिगळ बसलं. यल्लाप्पाला तिने हे सांगितलं नाही. गूळ मुंग्यांनी पहिल्याच वर्षी नेला. नाव राहिलं.

पुढची अकरा वर्षं मी माझं काम केलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही. मी अंगावर असायचे आणि दोन माणसांना थंडी वाजायची नाही.

या काळात गावात नवी पांघरुणं आली. मऊ, चमकणारी, वाघ छापलेली. लोकांनी आपल्या वाकळा काढून टाकल्या. कोणी ज्वारीच्या पोत्यावर घातल्या, कोणी मोटारसायकल पुसायला घेतल्या. वाघाखाली झोपून माणूस वाघ होत नाही, हे त्यांना कोणी सांगायचं? आमच्या गल्लीच्या तोंडाशी अंबूबाईंचा बंगला होता. त्यांनी सोनूबाईकडून चार वाकळा शिवून घेतल्या होत्या. सोनूबाई त्यांच्या बाहेरच्या पायरीवर बसून माप घ्यायची. आत तिला कधी बोलावलं नाही. तिच्या हातची वाकळ मात्र देवघराला लागून असलेल्या पलंगावर चालायची. अंबूबाईंचा मुलगा गणपतराव त्यातल्याच एकीखाली लहानाचा मोठा झाला. वाघ घरात आल्यावर माझी ती बहीण कुत्र्याखाली गेली.

२००५ साली सोनूबाई आजारी पडली. चार महिने मी तिच्या अंगावर होते. ज्या दिवशी तिला दवाखान्यात न्यायचं होतं त्या दिवशी तिने उठून माझी घडी घातली. यल्लाप्पा म्हणाला, "ऱ्हाऊ दे की, मी घालतो."

"तुमास्नी काठाला काठ जुळवाय येत न्हाय," ती म्हणाली.

ती परत आली नाही.

त्यानंतर यल्लाप्पाने मला ट्रंकेवर ठेवलं. दोन हिवाळे गेले. तो अंगावर पोती घेऊन झोपला, पण ती घडी मोडली नाही. भाकरी करायला तो शिकला. वाकडी व्हायची. खायचा.

मग आमचा शोध लागला.

२००७ च्या जानेवारीत गणपतराव घरी आले. गळ्यात रेशमी उपरणं होतं. ते आता शहरातल्या कुठल्यातरी कलासमितीचे अध्यक्ष झाले होते. बरोबर ऐश्वर्या नावाची मुलगी होती. पेठ वडगावच्या कापडवाल्यांची. बाहेर कुठेतरी डिझाइन शिकून आली होती. समितीला शहराच्या आसपासची दडलेली कला शोधायची होती. गणपतराव लहानपणापासून याच गल्लीच्या तोंडाशी राहत होते. कला दडलेली नव्हती. त्यांचं डोकं वाघाखाली दडलेलं होतं.

"यल्लाप्पा, तुमच्या बायकोनं काय तरी येगळी वाकळ शिवल्याली म्हणं?" असं म्हणत त्यांनी मला ट्रंकेवरून उचललं आणि एका झटक्यात झाडलं.

घडी मोडली. यल्लाप्पाचा हात पुढे आला होता. तो तसाच राहिला.

ऐश्वर्या "वाव" म्हणाली. पुन्हा म्हणाली. तिने माझे फोटो काढले. हे कशाचं चित्र आहे, असं दोघांपैकी एकानेही विचारलं नाही.

"परदर्शनात लावू या," गणपतराव म्हणाले.

"न्हाय," यल्लाप्पा म्हणाला. "ती घरात ऱ्हाऊ दे."

"अहो, तिचं नाव हुईल की! सगळं कोल्हापूर बघंल."

यल्लाप्पाने माझा काठ हातात धरला. मग त्याने विचारलं, "नाव लिवणार?"

"हे असं मोठ्या अक्षरात." गणपतरावांनी हात पसरून दाखवले.

"मग न्या. खरं, त्यातलं काय उसवायचं न्हाय."

"छ्या छ्या. कोण उसवतंय?"

मित्रांनो, तो फक्त नावासाठी कबूल झाला. त्याला दुसरं काही नको होतं. हे लक्षात ठेवा.

मी चौदा दिवस ऐश्वर्याच्या टेबलावर होते. मला भिंतीवर टांगायचं होतं. वाकळ भिंतीवर! उद्या हे लोक तवा गळ्यात घालतील. टांगून बघितलं तर मध्यावर फुगवटा दिसला. तो घास होता. वाकळीच्या मध्यावर फुगवटा का असतो, हे कळंब्यातल्या कोणत्याही म्हातारीने सांगितलं असतं. ऐश्वर्याने विचारलं नाही. विचारणं तिला शिकवलं नसावं. तिने छोटी कात्री घेतली आणि निळं ठिगळ उसवलं. भाकरीची काळी भुकटी पडली. चिंधी पडली. अक्षरांची उलटी बाजू वर होती. तिला लाल दोऱ्याचा गुंता दिसला. चिंधी उलटून बघायला चहाचा एक घोट लागतो तेवढाही वेळ लागला नसता.

"ई, काय काय भरतात," असं म्हणून तिने ते सगळं कागदावर गोळा केलं आणि कचऱ्याच्या डब्यात टाकलं. ठिगळावर मशीनने टीप मारली. मी सपाट झाले.

मी ओरडू शकले असते तर भिंती हलल्या असत्या. पण वाकळीला तोंड नसतं, पोटच असतं. तेही आता रिकामं होतं.

प्रदर्शनाच्या दिवशी यल्लाप्पा धुतलेला सदरा आणि इस्त्रीची टोपी घालून आला. दारात मोठा फलक होता. त्यावर गणपतरावांचं नाव खरंच हात पसरून दाखवल्याएवढं होतं. संकल्पना आणि शोध, गणपतराव. यल्लाप्पाला वाचता येत नाही. फलकावर गणपतरावांचा फोटो होता, त्यावरून ते मोठं नाव कोणाचं हे त्याने ओळखलं. माझ्याखाली एक कार्ड होतं. त्याने शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंना विचारलं, "ताई, ह्यात काय लिवलंय?"

बाईंनी वाचलं. "पारंपरिक वाकळ. कोल्हापूर परिसर. कलाकार अज्ञात."

"अज्ञात म्हंजे?"

"म्हणजे कोण ते माहीत नाही."

तेवढ्यात गणपतराव पाहुण्यांना घेऊन आले आणि माझ्याकडे काठीने दाखवून सांगू लागले. हे विश्वाचं चक्र आहे, म्हणाले. बाहेरची वर्तुळं म्हणजे संसार, मधला निळा बिंदू म्हणजे आत्मा. पाहुणे माना हलवत होते. एकाने तर डोळे मिटले.

"कळंब्याचा तलाव हाय त्यो," यल्लाप्पा मागून म्हणाला. "मे म्हैन्यातला."

कोणीतरी फसकन हसलं. गणपतरावांनी त्याला बाजूला घेतलं.

"यल्लाप्पा, नंतर बोलू की."

"नाव कुठाय?"

"आरं, ही लोककला हाय. लोककलेला नाव नसतंय. नाव घातलं की ते नुसतं शिवणकाम हुतंय."

"तुमचं हाय की दारात."

"ते येगळं. मी शोधलं."

"तुमच्या आईनं चार वाकळा शिवून घेटल्या तिच्याकडनं. पायरीवर बशिवली तिला. तवा सापडली न्हवती व्हय?"

गणपतरावांनी उपरणं सारखं केलं. यल्लाप्पा माझ्याजवळ आला आणि मध्यावर तळहात ठेवला. तो हात मी ओळखते. रवे उचलून उचलून त्याला घट्टे पडले आहेत. त्याने दाबलं. पुन्हा दाबलं.

"घास कुठाय?"

"कसला घास?" ऐश्वर्या म्हणाली. "अच्छा, ते? काका, तिथं कचरा अडकला होता. मी काढून टाकला."

"टाकलास?"

"हो. म्हणून आता कशी छान सपाट पडली आहे बघा."

यल्लाप्पाने तिच्याकडे बघितलं. तो रागावला नाही. रागवायला समोर कोणीतरी असावं लागतं. मला ज्या चिमट्यांनी टांगलं होतं ते त्याने एकेक करून काढायला सुरुवात केली.

"अहो, काय करताय? अजून पावणं यायचं हायत!" गणपतराव ओरडले.

"पावण्यास्नी तुमच्या कुत्र्याखालची दावा. ती बी तिनंच शिवल्याली हाय."

यल्लाप्पाने मला खांद्यावर टाकलं. मग कार्ड काढलं, उलटं केलं आणि ऐश्वर्यापुढे धरलं.

"लिही. सोनूबाई यल्लाप्पा."

तिने पेन काढलं. "आडनाव?"

चौदा दिवस मी तिच्या टेबलावर होते. हा प्रश्न तिने तेव्हा पहिल्यांदा विचारला.

"कुरणे," तो म्हणाला. "नेसरीची."

घरी येऊन त्याने भाकरी केली. नेहमीसारखी वाकडी. ब्लेडने मशीनची टीप काढली. भाकरीचा तुकडा आणि गुळाचा खडा मध्यावर ठेवला. मग खिशातून ते कार्ड काढलं, ठेवायला दुसरी जागा सुचली नाही म्हणून दुमडून दुमडून बारीक केलं आणि तेही आत घातलं. दाभण दोनदा बोटात गेलं. टाके असे पडले की सोनूबाईने बघितलं असतं तर तिथल्या तिथे उसवले असते.

"जेव बाई," तो मला म्हणाला. की तिला म्हणाला, कोण जाणे.

तिथे आधीही नाव होतं, हे त्याला माहीत नाही. त्याला ते कधी कळणार नाही. ते सांगायला मला येत नाही. म्हणून तुम्हाला सांगितलं.

तेव्हा मित्रांनो, आमची जपणूक करा, आम्हाला भिंतीवर टांगा, असं मी सांगणार नाही. भिंतीला थंडी वाजत नाही. अंगावर घ्या. फक्त घेण्याआधी विचारा, कोणी शिवलं? ती जिवंत असताना विचारा. पायरीवर असेल तर आत बोलवून विचारा. तेवढं होत नसेल तर वाघाखालीच झोपा, आणि मागाहून शोधायला येऊ नका.

यल्लाप्पा आता मला पांघरतो. सकाळी उठून घडी घालतो. काठाला काठ अजून जुळत नाही. रोज एक बाजू चार बोटं बाहेर राहते. तो बघतो, उलगडतो, पुन्हा घालतो.

मी उपाशी नाही.