अंपारोच्या नावावर मागितलेली मतं

शनिवार होता, म्हणून ओफेलिया बार्रागान घरी होती. आठवड्याचे बाकीचे दिवस ती बदामाच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यापाशी उभी राहून किडके बदाम वेचत असे. आज ती मक्याचं पीठ मळत होती आणि तिची मुलगी मारिसेला टेबलाशी बसून टोमॅटो चिरत होती.

"अमा, पंखा तरी लाव. भट्टी झालीय नुसती."

"लाव की. तुझे हात काय बांधलेत?" असं ओफेलिया म्हणणार तेवढ्यात दार वाजलं, आणि ती पिठाच्या हातांनीच उघडायला गेली.

दारात डुएन हार्टसेल उभा होता. सान लिनो शहराच्या अग्निशमन दलाचा कप्तान. टोपी हातात, नजर पायरीवर. ओफेलियाने त्याला लगेच ओळखलं. गेल्या ऑगस्टमध्ये, भर दुपारी तीनला, तिच्या धाकट्या बहिणीचं, अंपारोचं पत्र्याचं ट्रेलरघर पेटलं तेव्हा हाच माणूस गल्लीतून धावत आला होता.

कूलरच्या वायरीने पेट घेतला होता. अंपारोचे गुडघे गेलेले. काठीशिवाय तिला पाऊल टाकता येत नसे. तिच्याच गल्लीच्या तोंडाशी अग्निशमन केंद्र क्रमांक तीन होतं, पण पैसे नाहीत म्हणून शहराने ते तीन वर्षांपूर्वी बंद केलं होतं. बंब निघाला तो शहराच्या मध्यातून, आणि रेल्वेच्या फाटकाशी अडकला. रुळांवर शंभरेक डब्यांची मालगाडी उभी होती. डुएन आणि आणखी एक जवान दोन डब्यांच्या मधून चढून पलीकडे उतरले आणि आग विझवायची हातातली नळकांडी घेऊन पळत सुटले. ते पोचले तेव्हा छप्पर खाली आलेलं होतं, आणि अंपारो आतच होती.

"बसा," ओफेलिया म्हणाली. कॉफी दिली. तो बराच वेळ कप फिरवत राहिला.

"मिसेस बार्रागान, नोव्हेंबरच्या निवडणुकीत विक्रीकर अर्ध्या टक्क्याने वाढवायचा प्रस्ताव आहे. पोलीस आणि अग्निशमन दलासाठी. तो पास झाला तर केंद्र तीन उघडेल. पण तुमचे हे रुळांपलीकडचे लोक आमचं ऐकत नाहीत. दार लावून घेतात."

"चांगलं करतात," मारिसेला म्हणाली.

"मारिसेला!"

"बोलू द्या तिला," डुएन म्हणाला. "खरंच आहे. पण तुमचं ऐकतील. आणि... तुमच्या बहिणीचा एखादा फोटो मिळाला तर पत्रकावर छापता येईल."

मारिसेलाने सुरी खाली ठेवली. "केंद्र उघडणार हे लिहून दिलंय कुणी?"

त्याने खिशातून पत्रकाचा नमुना काढला. वर मोठ्या अक्षरांत होतं : रुळांपलीकडचं केंद्र पुन्हा उघडा. खाली महापौर गॉर्डन व्हिटलॅचची सही.

ओफेलियाने हात धुतले, आतल्या खोलीत गेली आणि फोटो घेऊन आली. मारिसेलाच्या पंधराव्या वाढदिवसाचा. निळ्या झग्यातली अंपारो, तोंड उघडं टाकून हसणारी.

"हा घ्या. पण नीट ठेवा. दुसरा नाही."

सप्टेंबरपासून ओफेलिया कारखान्यातून सुटली की दारं ठोठावत फिरली. पायात कामाचेच बूट, केसांत बदामाचा भुसा. तिला भाषण येत नव्हतं. ती फक्त सांगायची, "अंपारोची बहीण मी. केंद्र उघडं असतं तर बाहेर काढली असती त्यांनी तिला." बायका तिला आत बोलवायच्या, पाणी द्यायच्या, डोळे पुसायच्या.

एउसेबियो म्हातारा मात्र सहज वळणारा नव्हता. आयुष्यभर द्राक्षं तोडून पाठ वाकलेली, जीभ मात्र ताठ. तो अंगणातल्या खुर्चीतून उठलाही नाही.

"विक्रीकर म्हणजे काय, सांग बरं पोरी. मी चपला घेतो, त्यावर कर. साबण घेतो, त्यावर कर. ते उत्तरेचे, तळ्याकाठचे श्रीमंत लोक नवं घर घेतात, त्यावर हा कर आहे का?"

"नाही, आजोबा."

"म्हणजे बंब सगळ्या गावाचा, आणि भार चपलावाल्यांच्या डोक्यावर?"

"मग काय बंब नको आपल्याला?"

"हवाय की. पण पैसे दिल्यावर बंब येईल का, ते सांग."

"येईल."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

म्हातारा खुर्चीत पुढे सरकला. "तू म्हणतेस म्हणून देतो मत. तो व्हिटलॅच आला असता तर कुत्रं सोडलं असतं अंगावर."

मतपत्रिका टपालाने घरोघर आल्या त्या आठवड्यात मारिसेलाने प्रस्तावाचा मजकूर दोनदा वाचला आणि आईसमोर धरला.

"अमा, पत्रकातलं वाक्य यात नाहीच. इथे लिहिलंय, 'शहराच्या सर्वसाधारण गरजा, जसे की सार्वजनिक सुरक्षा, अग्निशमन केंद्रे...' हे 'जसे की' म्हणजे काय?"

ओफेलियाने डुएनला फोन लावला. तो म्हणाला, ती वकिली भाषा असते. पैसे एकाच कामाला बांधून टाकायचे तर दोनतृतीयांश मतं लागतात, ती कुठून आणायची? महापौरांनी शब्द दिलाय ना.

"शब्द दिलाय म्हणे," तिने मुलीला सांगितलं.

"तुला पटलं?"

ओफेलियाने पायात बूट चढवले. तोवर तिने दोनशेवर दारं ठोठावली होती, आणि पुढच्या गल्लीतले लोक तिची वाट पाहत होते. मनात एक काटा सलला. तो तिने तसाच राहू दिला. याच एका गोष्टीसाठी तिने स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

प्रस्ताव एकशेनव्वद मतांनी पास झाला. तळ्याकाठच्या वसाहतीने तो नाकारला होता. तारला तो रुळांपलीकडच्यांनी. विजयाच्या मेजवानीत व्हिटलॅचने ओफेलियाला मिठी मारली आणि छायाचित्रकाराकडे तोंड वळवलं.

एप्रिलपासून कर लागू झाला. जूनमध्ये नगरपरिषदेत खर्चाची यादी मांडली गेली. ओफेलिया अर्ध्या दिवसाची रजा टाकून, चांगला ब्लाउज घालून मुलीबरोबर पहिल्या रांगेत जाऊन बसली. भिंतीवरच्या पडद्यावर एकेक ओळ येत गेली. तळ्याकाठी नवं अग्निशमन केंद्र. पोलिसांना नव्या गाड्या. निवृत्तिवेतनाची थकलेली देणी. रुळांपलीकडचं केंद्र क्रमांक तीन : गरजेचा अभ्यास करण्यात येईल.

"गरजेचा अभ्यास," मारिसेला पुटपुटली. "मावशीने केला की तो."

नागरिकांना बोलायला तीन मिनिटं मिळत. ओफेलिया माइकपाशी गेली. सभेपुढे तिची इंग्रजी चालेना, म्हणून ती स्पॅनिशमध्ये बोलली, मारिसेलाने इंग्रजीत सांगितलं.

"महापौरसाहेब, तुम्ही सही केली होती. केंद्र उघडतो म्हणाला होतात."

व्हिटलॅच पुढे वाकला. आवाज लोण्यासारखा, नावाआधी तिच्याच भाषेतलं आदराचं संबोधन. "दोन्या ओफेलिया, तुमच्याबद्दल आम्हाला किती आदर आहे! पण शहर उत्तरेला वाढतंय. केंद्र जवळ नाही म्हणून नव्या घरांचा विमा महाग होतोय. आम्हाला सगळीकडे बघावं लागतं."

शेजारी बसलेल्या शहराच्या वकिलाने चष्मा सारखा केला आणि 'जसे की' या शब्दांचा कायद्यातला अर्थ सांगितला. उदाहरणादाखल. बंधनकारक नव्हे.

"आणि एक आनंदाची गोष्ट," व्हिटलॅच म्हणाला. "नव्या केंद्राच्या सभागृहाला आम्ही अंपारोचं नाव देणार आहोत. भिंतीवर पितळी पाटी लागेल. पडदा तुम्हीच सरकवायचा."

मागच्या रांगांतून टाळ्या पडल्या. एका बाईने तर डोळ्याला रुमाल लावला.

ओफेलिया टाळ्या थांबेपर्यंत उभी राहिली. मग म्हणाली, "माझी बहीण तळ्याकाठी बावीस वर्षं जात होती. लोकांच्या फरशा पुसायला. गुडघे तिथेच गेले तिचे. तिचं नाव त्या भिंतीवर लागलं तर मी स्वतः येऊन खरवडून काढीन. पाटी नको मला. तिचा फोटो परत द्या."

मारिसेलाने शब्द न् शब्द इंग्रजीत सांगितला. तेवढ्यात वेळ संपल्याची घंटी वाजली आणि कारकुनाने पुढचं नाव पुकारलं. ते कुणी झाडांच्या छाटणीबद्दल बोलायला आलं होतं.

बाहेर पायऱ्यांवर डुएन थांबला होता. फोटो त्याच्याजवळच होता, पाकिटात. "मला खरंच माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं, की विचारायचं नव्हतं?" मारिसेला म्हणाली.

तो लाल झाला. "नव्या केंद्रावर माझी नेमणूक झालीय. मी नाकारतो ती."

"तुम्ही नाकारलीत तर आमच्याकडे बंब येईल?" ओफेलियाने विचारलं.

त्याने पाकिटातून फोटो काढून तिच्या हातात दिला.

"मग जा. तिकडेही माणसंच राहतात." फोटो पर्समध्ये ठेवून ती पायऱ्या उतरली.

इथेच संपतं तर बरं होतं. पण रुळांपलीकडे त्या करालाच लोकांनी नाव पाडलं : ओफेलियाचा कर. दुकानात पावतीवर आकडा वाढलेला दिसला की कुणीतरी म्हणायचं, "हे घ्या, ओफेलियाचे वेगळे." पोरांच्या वह्या, डायपर, गाडीचे टायर, सगळ्यांत तिचं नाव. ज्या बायकांनी तिला पाणी दिलं होतं त्या आता तिला बघून फळं निवडण्यात गुंग व्हायच्या. महापौराला कुणी काही म्हणत नव्हतं. त्याच्याकडून कुणाची अपेक्षाच नव्हती.

तिने रडून घेतलं. मग मारिसेला आणि तिने मिळून एक कागद तयार केला : हा कर घ्यायचाच असेल तर आधी केंद्र तीन उघडावं, असा नियम लोकांच्या मतांनी करावा. तो मतदानाला यायचा तर दोन हजार सह्या हव्या होत्या.

ती आधी एउसेबियो म्हाताऱ्याकडे गेली.

"आजोबा, मी तुम्हाला खोटं सांगितलं. जाणून नाही, पण शंका आली होती आणि मी गप्प बसले."

म्हाताऱ्याने कागद घेतला, अगदी डोळ्याजवळ धरून शेवटपर्यंत वाचला, सही केली आणि परत दिला. "सही तुला दिली. पण पुन्हा 'मी म्हणते' असं म्हणू नकोस कुणाला. कागद वाचायला दे."

त्या दिवसापासून ती प्रत्येक दारात कागद आधी वाचायला देते. महिनाभरात साडेतीनशे सह्या झाल्या. बरीचशी दारं उघडतच नाहीत. एका बाईने तोंडावर सांगितलं, "चांगलं मागायला आलात तरी आता आम्हाला चांगलं ऐकू येत नाही." ओफेलियाला ते बरोबर वाटलं. व्हिटलॅचने पैसे नेले त्याचं एक वेळ काही नाही. पण या गल्ल्यांतला माणसाचा माणसावरचा भरवसा त्याने नेला, आणि तो कुठल्या कराने भरून काढायचा?

काल संध्याकाळी कारखान्यातून सुटून ती अंपारोच्या शेजारणीच्या दारात उभी राहिली. बेल दाबली. आत टीव्ही बंद झाला. पावलं दारापर्यंत आली आणि थांबली.

"कोण?"

"ओफेलिया. सही मागायला आलेय. पण आधी माफी मागायचीय."

आत कडी सरकल्याचा आवाज आला. मग साखळी तशीच लावलेली ठेवून दार चार बोटं उघडलं, आणि त्या फटीतून ओफेलियाने कागद आत सरकवला.