तुरा सरकलेला मोर

ललितने पुड्याची घडी नखाने उकलली, आत डोकावून पाहिलं आणि तो पलंगाच्या कडेला बसला.

“हा कागद कुठून आणला?”

मंजुषा ताटात करंज्या मांडत होती. गेले चार दिवस ती याच प्रश्नाची वाट पाहत होती. फक्त तो अशा आवाजात येईल असं तिला वाटलं नव्हतं. पलंगावर वीस पुडे ओळीने मांडलेले होते. मिठाईची रिकामी खोकी तिने वर्षभर जपून ठेवली होती. त्यात शेव, चिवडा, दोन करंज्या आणि एक अनारसा, वर चंदेरी कागद, त्यावर लाल सुताची गाठ आणि जुन्या लग्नपत्रिकांतला एकेक गणपती कापून त्याखाली नाव. आमलीतल्या त्यांच्या चाळीत दिवाळीला स्टीलच्या वाट्या या घरातून त्या घरात नुसत्या फिरत. एक वाटी तर दोन वर्षं हिंडून मंजुषाकडेच परत आली होती. तेव्हाच तिने ठरवलं होतं, पुढच्या खेपेला द्यायचं ते आपल्या हातचं द्यायचं.

“वळणावरच्या भंगारवाल्याकडून अख्खा रोल आणेल आहे,” ती म्हणाली. “छापील बाजू आत घातली की बाहेर कशी चांदी दिसते, बघा ना.”

“छापील बाजूवर काय आहे, पाहिलं का तू?”

“मोर आहे. चहाच्या पुडीवर असतो तसा.”

“त्याचा तुरा कुठंय?”

मंजुषाने हात पदराला पुसले आणि वाकून पाहिलं. तुरा मोराच्या डोक्यावर नव्हता, दोन बोटं मागे सरकून पाठीवर उभा होता. कागद कापताना तिला त्याचं हसूच आलं होतं. आता मात्र तिला आठवलं, असल्या एका चुकलेल्या मोराबद्दल तिने ललितकडूनच ऐकलं होतं.

ललितच्या कारखान्यात असलीच वेष्टनं छापत. छपाई चुकली की तो रोल यंत्रात घालून बारीक कापायचा आणि मगच भंगारात द्यायचा, असा तिथला कडक नियम; अख्खा रोल गेटबाहेर जाणं म्हणजे चोरी. गणपतीनंतर मोराचा असा एकच रोल चुकला आणि कापायच्या आधीच गायब झाला. आळ आला चिंधावर. चिंधा त्यांच्याच शिरपूरकडचा, ललितच्याच पाळीतला. त्याला रोलपाशी शेवटचं पाहिलं, असा कागद रमाकांत साहेबांनी पुढे केला आणि पाळीतल्या सगळ्यांनी मुकाट्याने सह्या केल्या. ललितनेही केली. त्याने पाहिलं काहीच नव्हतं. आठवड्याभरात चिंधाची नोकरी गेली आणि तो बायकोला घेऊन अथालला एका खोलीत राहायला गेला.

आता तेच रमाकांत साहेब, मालाची तपासणी करणारे मोठे साहेब, पाडव्याच्या फराळाला पहिल्यांदाच त्यांच्या घरी यायचे होते. सहा वर्षं ललित ठेक्यावर राबत होता, आणि परमनंट करायच्या कामगारांची यादी दिवाळीनंतर साहेबांच्या हातून जायची होती. साहेब दहाला येणार होते आणि साडेनऊ वाजून गेले होते.

“मी पैसे देऊन आणेल आहे,” मंजुषा रडवेली झाली. “चोरून नाही.”

“मला माहीत आहे. पण साहेबांना काय दिसेल? चोरीचा माल कामगाराच्या घरात!”

दोघांनी मिळून पुडे पलंगाखाली सारले, उरलेला रोल त्यांच्यामागे ढकलला आणि वरून चादर जमिनीपर्यंत ओढली. मंजुषाने केर काढला तर केरातही चंदेरी कपटे. ते तिने वेचून वेचून ब्लाउजमध्ये खोचले. एवढी निगुतीने केलेली दिवाळी आपल्याच हाताने लपवायची वेळ यावी, यानं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

साहेब दहाला पाच कमी असतानाच आले. सोबत त्यांच्या पत्नी सुलभाताई. त्या चिपळूणच्या, इथल्या एका शाळेत शिकवायच्या. साहेब चपला काढून आत येऊन बसले, पण सुलभाताई उंबऱ्याबाहेरच थबकल्या आणि वर पाहू लागल्या.

“अगं मंजुषा, हा कंदील तू केलास?”

मंजुषाने हातातला पाण्याचा तांब्या खाली ठेवला. कंदील! काल रात्री उरलेल्या तुकड्यांचा तिने कंदील केला होता आणि आपणच दारावर टांगला होता. रात्रपाळी करून ललित पहाटे अंधारात आला तो मान खाली घालूनच आत शिरला होता. घरातलं सगळं लपवलं आणि दारावरचं दोघेही विसरले.

“इतका सुंदर! आमच्या पोरांना दाखवायला हवा. अहो, इकडे या, बघा तरी!” सुलभाताईंनी वाऱ्यावर उडणारी एक झिरमिळी धरली आणि उलटी केली. “अय्या, आतून मोर! आणि तुरा बघा कुठे गेलाय याचा!”

साहेब उठून दाराशी गेले. झिरमिळी त्यांनी बोटांत धरली आणि बराच वेळ सोडली नाही. ललित भिंतीला टेकून उभा होता.

“वहिनी, हा कागद कुठला?”

“भंगारवाल्याकडून आणला, साहेब.” मंजुषाने जे खरं होतं ते घडाघडा सांगून टाकलं. “वळणावरचा भंगारवाला. मी त्याला आधी विचारलं, बाबा, चोरीचा नाही ना? तो म्हणाला, छे, कंपनीचे साहेबच गाडीत घालून आणून देतात.”

बोलून झाल्यावर ती मान खाली घालून ओरडा खायला तयार राहिली. ओरडा आलाच नाही. तिने वर पाहिलं तेव्हा साहेब झिरमिळी सोडून आपला हात रुमालाला पुसत होते.

कुठले साहेब, हे त्यांनी विचारलं नाही.

“फराळ छान दिसतोय,” ते आत येऊन म्हणाले. बसले, पण करंजीचा तुकडा मोडून तसाच बशीत ठेवला. सुलभाताई अनारशाला जाळी कशी पडली ते विचारत होत्या आणि मंजुषा काहीतरी उत्तर देत होती. दहा मिनिटांत साहेब उठले. जाताना त्यांनी ललितच्या खांद्यावर हात ठेवला.

“यादीत तुझं नाव पहिलं टाकलंय. दिवाळीनंतर पत्र येईल.” मग जिन्याकडे वळता वळता म्हणाले, “आणि वहिनी, तो कंदील उतरवून टाका. उगाच कोणाला दिसायला नको.”

ललितने दार लोटलं. यादीतल्या नावाच्या त्या एका वाक्यासाठी मंजुषाने सहा वर्षं सोमवार धरले होते. ते कानावर पडलं की आधी देवापुढे साखर ठेवायची, मग गावी आईला फोन करायचा, हे सगळं तिने मनात कितीदा घोळवलं होतं. ती जागची हलली नाही.

ललितने गुडघे टेकले, चादर वर केली आणि एकेक पुडा ओढून नावं वाचू लागला.

“चंदाचा पुडा केला आहेस का?”

चंदा म्हणजे चिंधाची बायको. तिच्याकडे जायची हिंमत होणार नाही हे ठाऊक असूनही मंजुषाने तिचा पुडा केला होता आणि सगळ्यांच्या मागे ठेवला होता.

“केला आहे.”

ललितला तो सापडला. त्याने लाल गाठ सोडली, कागद उलगडून मांडीवर सपाट केला आणि उलटा केला. मग खोकं पुन्हा त्यात गुंडाळायला घेतलं. आता चंदेरी बाजू आत गेली आणि वर चारी अंगांनी मोर आले, पाठीवर तुरे घेऊन. उरलेला रोल त्याने पिशवीत घातला.

“अथालला जाऊन येतो,” तो म्हणाला. “चिंधावरच्या त्या कागदावर सही मीही केली होती. चिकटपट्टी कुठंय?”

मंजुषाने फळीवरून चिकटपट्टी काढली. तिने एकदा दाराकडे पाहिलं. खाली साहेबांची गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, दूर गेला. मग ती ललितशेजारी जमिनीवर बसली आणि दाताने एक लांब तुकडा तोडून तिने त्याच्या हातात दिला.