चष्मेवाल्याची लेक
चष्म्याच्या दुकानात पंचवीस वर्षं काढलेल्या माणसाला वाटतं, डोळ्यांतलं सगळं आपल्यालाच कळतं. ठमीच्या बापालाही तसंच वाटायचं. आठ वर्षांची ठमी एकदा म्हणाली, "बाबा, मला दोन दोन दिसतंय." त्याने तिला दुकानातल्या उंच खुर्चीत बसवलं, काचा बदलत अक्षरं वाचायला लावली आणि चष्मा करून दिला. महिन्याभराने दुसरा.

ती मान वाकडी करून वाचायची. तो हनुवटी धरून सरळ करायचा. सकाळी उठल्या उठल्या तिला उलटी व्हायची, दुपारी मात्र पोरगी ठणठणीत. "शाळा चुकवायची नाटकं," तो म्हणायचा.

"डॉक्टरांना दाखवू या का?" बायको विचारायची.

"घरात चष्मेवाला असताना?" तो हसण्यावारी न्यायचा.

तिसऱ्या महिन्यात ठमी भिंत धरून चालायला लागली. मग बायकोने त्याला न विचारताच तिला नेलं. डॉक्टरांनी डोळ्यांत उजेड टाकून आत पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. त्याच दिवशी स्कॅन झाला. लहान मेंदूत गाठ निघाली. कॅन्सरची, लाखांत एखाद्या मुलाला होणारी.

"त्रास कधीपासून आहे?" सर्जनबाईंनी विचारलं.

"दोन आठवडे," तो बोलून गेला.

खाली औषधाच्या रांगेत त्याचा नंबर आला, तेव्हा तो रांग सोडून तीन मजले चढून परत वर गेला. "डॉक्टर, खोटं बोललो मी. तीन महिने झाले. ती सांगत होती आणि मी चष्मे करत बसलो."

बाईंनी लिहिलेलं खोडलं. "बरं झालं सांगितलंत."

"आधी आणली असती तर?"

"गाठ कदाचित लहान मिळाली असती. कदाचित नाही. ते मला सांगता येणार नाही, आणि खोटा दिलासा मी देत नाही."

ऑपरेशन सात तास चाललं. गाठ निघाली, पण ठमीची वाचा गेली. अशा ऑपरेशननंतर काही मुलांचं असं होतं, बोलणं परत येतं, असं बाई म्हणाल्या. तो तिच्या उशाशी बसून एकट्यानेच बडबडायचा. कपाळावर चष्मा ठेवून दुकानभर चष्मा शोधणाऱ्या मास्तरांची गोष्ट रंगवून सांगता सांगता म्हणाला, "काखेत कळसा आणि गावाला..." पुढचं त्याला म्हणवेना.

एकोणिसाव्या दिवशी ठमीचे ओठ हलले. शब्द जड, ओढत ओढत आले.

"बाबा... हळू बोल ना."

तो बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून रडला. परत आला तेव्हा बायको चादर बदलत होती.

"डॉक्टरांना दाखवू या, असं तू मला तीनदा म्हणाली होतीस," तो म्हणाला.

"चारदा. चौथ्यांदा फोनवर. गिऱ्हाईक आहे म्हणून ठेवून दिलात."

त्याला ते आठवेना, आणि तेच जास्त लागलं.

"तिचे पाय धरा," ती म्हणाली. "वर सरकवायचंय." त्याने धरले.

पुढे रेडिएशन झालं, वर्षभर औषधं झाली. ठमी आता थोडी झोकांडत चालते, भांडते मात्र जोरात. दर तीन महिन्यांनी स्कॅन असतो. आजवरचे सगळे स्वच्छ आले. बायकोने तो विषय पुन्हा कधी काढला नाही. स्कॅनच्या आदल्या दिवशी तोच काढतो, आणि ती म्हणते, "जेवून घ्या आधी."