घाटाखालचं गाऱ्हाणं

आमच्या ह्यांना तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, हा माणूस म्हणजे जांभा दगड. लग्न झाल्यापासून मीही तेच म्हणत आले. गुरुदास त्यांचं नाव. मालवणातल्या एका व्यापाऱ्याची लॉरी चालवायचे. खारी मासळी नि सुंभ घेऊन घाटावर जायचे, ते चार-चार दिवस यायचे नाहीत. आले की हातपाय धुवायचे, जेवायचे, झोपायचे. कशी होतीस म्हणून विचारायचं नाव नाही. मी मुलखाची बडबडी, त्यामुळे दोघांच्या वाटचं मी एकटीच बोलायची.

मूल काही आम्हाला झालं नाही. होता तो तांडेल. तांडेल म्हणजे खरं तर होडीवरचा मुख्य माणूस, पण आमचा तांडेल कुत्रा होता. पिल्लू असताना किनाऱ्यावर लोक रापणीची जाळी ओढायला लागले की हा सगळ्यांच्या पुढे उभा राहून भुंकायचा. जशी काय जाळी ह्याच्याच हुकमाने येते. मग मीच त्याला ते नाव दिलं. हे लॉरीवर गेले की तो दारात आडवा पडायचा आणि मी निवांत झोपायची. त्याला मी माशाचं डोकं घातलं की ह्यांच्या कपाळाला आठी. चांगलं भरलेलं डोकं कुत्र्याला कशाला, म्हणून कुरकुरायचे आणि ताट घेऊन उठायचे.

साठ-एकसष्ट सालच्या सुमाराला मालकाने लॉरी विकली. सोलापूरच्या एका पेंडवाल्याने ती घेतली, आणि लॉरीबरोबर ड्रायव्हरही घेतला. लॉरी तिकडे पोचवायची होतीच, म्हणून आमचं बिऱ्हाड तिच्यातच चढलं. पाटा-वरवंटा, दोन ट्रंका, कोकमांची बरणी आणि तिकडे मिळणार नाहीत म्हणून उकड्या तांदळाचं पोतं. निघायच्या सकाळी सगळ्यांच्या आधी तांडेल केबिनमध्ये चढून बसला. हे त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "तेका कसालाक सुभद्राकडे ठेवया. सोलापूरचो घरमालक कुत्रो घेवक देना नाय."

सुभद्रा माझी नणंद. बाई चांगली, घराभोवती मोठं परसू, तांडेलाचे काही हाल झाले नसते. पण माझं काय?

मालवण ते कसाल मी तोंड मिटलं नाही. म्हटलं, "थय मी कोणाक वळाखतंय? तुमी गाडयेर जातलास, मी भिंतीशी बोलू? माका तांडेल व्हयो." भांडले, हाता-पाया पडले, शेवटी रडलेसुद्धा. हे आपले गिअर बदलत राहिले.

कसालला सुभद्राने त्याला फणसाच्या बुंध्याला बांधलं. तांडेल ओरडला नाही. ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो नुसता बसून लॉरीकडे बघत राहिला, मी आता उतरून येतेच आहे अशा खात्रीने. लॉरी निघाली तेव्हा मी मान खाली घातली ती वर केलीच नाही.

त्यानंतर मी गप्प झाले. कणकवली मागे पडली, फोंडा आला, माझ्या तोंडून शब्द नाही. ह्यांना ते जड जायला लागलं असावं. दोन वेळा माझ्याकडे बघून झालं. मग म्हणाले, "काय झाला गो?"

"काय नाय," मी म्हटलं.

घाटाच्या पायथ्याशी देवाची एक घुमटी आहे. तिथे थांबून नारळ ठेवल्याशिवाय आमच्याकडचा ड्रायव्हर घाट चढत नाही. ह्यांनी लॉरी बाजूला घेतली, चपला काढल्या, नारळ घेतला आणि गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. आमचं गाऱ्हाणं म्हणजे तक्रार नव्हे. एकाने देवाला सगळं मोकळेपणी सांगायचं आणि बरोबरच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा द्यायचा. माझा राग देवावर नव्हता, म्हणून मीही जाऊन शेजारी उभी राहिले.

ह्यांनी डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा, ही गाडी तुज्या पायाकडसून घाट चडता. तिका सांबाळ म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

"वाटेर काय वायट आसात तर तां दूर कर म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"आणि घराकडे माजी शेवंती एकटी आसा. तिच्यापाशी तांडेल आसा, म्हणान माका घोर नाय. त्या दोगांका सांबाळ म्हाराजा."

मला व्हय म्हणता येईना. मी तर इथे, त्यांच्या कोपराला लागून उभी होते.

ह्यांच्याही ते लक्षात आलं. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि कानापर्यंत लाल झाले. तोंडात बसलेलं होतं ते आपोआप बाहेर पडलं होतं. इतकी वर्षं दर खेपेला हा माणूस इथे एकटा उभा राहून हेच सांगत होता, आणि व्हय म्हणायला कोणी नाही म्हणून तेही स्वतःच म्हणत होता. घरात मला नुसतं "गो" होतं. माझं नाव त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. मला रडू आवरेना.

पदराने तोंड पुसून मी म्हटलं, "व्हय म्हाराजा."

मग विचारलं, "आता सोलापुरातसून गाडी घेवन जातलास, तेवा देवाक काय सांगतलास? शेवंती एकटी आसा, आणि तिच्यापाशी कोण आसा?"

हे नारळाकडे बघत राहिले. मग वळले, नारळ सीटखाली ठेवला आणि लॉरी मागे-पुढे करत तिचं तोंड फिरवायला लागले. रस्ता अरुंद, लॉरी मोठी. मागून आलेली एस. टी. अडकली आणि कंडक्टर शिव्या द्यायला लागला. ह्यांनी खिडकीतून डोकं काढलं. "थांबा हो जरा, आमचा एक माणूस मागे राहिलाय," म्हणाले.

"आणि घरमालकाचा काय?" मी विचारलं.

"दुसरो बगूया. सोलापुरात एकच घर आसा काय?"

कसालला सुभद्रा दारात येऊन बघतच राहिली. तिने घातलेली भाकरी तशीच पडली होती. मी उतरेपर्यंत हे फणसाखाली पोचले होते. तांडेलाने ओढून ओढून गाठ घट्ट केली होती, ती सुटेना. तो ह्यांचं तोंड चाटत होता आणि हे मान वळवत त्याला थोपवत होते, "रव रे, रव. इलंय मा मी." आवाज त्यांचाच होता, पण मी तो कधी ऐकला नव्हता. सुभद्राने पुढे केलेला चहासुद्धा कोणी धड घेतला नाही.

घुमटीशी परत आलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. तांडेल केबिनमधून मान बाहेर काढून बघत होता. ह्यांनी पुन्हा नारळ घेतला, डोळे मिटले, गाडीचं सांगितलं, वाटेचं सांगितलं आणि अडकले. पुढचं येईना.

"घराकडे आता कोणच नाय," माझ्याकडे वळून हळूच म्हणाले. "काय सांगू गो देवाक?"

"सांगा," मी म्हटलं, "सगळी गाडयेत आसत."

त्यांनी तसंच सांगितलं.